ताईच्या उंचीचा फलाट

सरकारी काम कसं करून घ्यायचं हे मला कोणी शिकवू नये. मी पाणीपुरवठा खात्यात अख्खी नोकरी काढलेली आहे. लोकांची कामं कुठे अडतात, कशी अडतात आणि अडवणारा माणूस त्या वेळी कुठल्या खुर्चीत बसून चहा पीत असतो, हे मला आतून माहीत आहे, कारण बराच काळ ती खुर्ची माझीच होती. तेव्हा आमच्या स्टेशनाचा फलाट महिन्याभरात उंच करून दाखवीन असं मी ताईला जे म्हणालो, ते काही हवेत म्हणालो नव्हतो. बायकोचं म्हणणं, हवेतच म्हणालो होतो, आणि तेही फलाटावर उताणं पडलेलं असताना. त्यातला पडण्याचा भाग तेवढा खरा आहे.

झालं असं की आमच्या मार्गावर नव्या गाड्या आल्या. चकचकीत, थंडगार, दारं आपोआप उघडणाऱ्या. फक्त त्या जुन्या गाड्यांपेक्षा चांगल्या हातभर उंच होत्या आणि त्यांना पायऱ्या नव्हत्या, कारण गाडी आणि फलाट एका पातळीवर असल्यावर पायऱ्या हव्यात कशाला, असा विचार करून त्या बांधल्या होत्या. विचार उत्तमच होता. आमचा फलाट मात्र आजोबांच्या काळी जिथे होता तिथेच होता.

ताई दर गुरुवारी आमच्याकडे यायची. ती राहते चार स्टेशनं पलीकडे. तिचं स्टेशन मोठं, तिथला फलाट आधीपासूनच उंच, त्यामुळे तिकडून गाडीत शिरताना तिला कसलाच त्रास नव्हता. सकाळी आमच्या एक नंबरच्या फलाटावर उतरायचं, दिवसभर माझ्या घरातल्या सगळ्या वस्तूंच्या जागा बदलायच्या, आणि संध्याकाळी पूल ओलांडून दोन नंबरवरून परतीची गाडी धरायची, हा तिचा कार्यक्रम. बसमध्ये तिला मळमळतं आणि मोटारीत बसमध्ये मळमळतं त्याहून जास्त मळमळतं, त्यामुळे रेल्वेला पर्याय नव्हता. भाऊजी गेल्यापासून ती एकटीच असते. आमच्याकडेच ये राहायला, असं मी आणि बायकोने तिला किती वेळा सांगितलं असेल. तिचं उत्तर ठरलेलं होतं: भावाच्या घरी यायचं ते पाहुणी म्हणून, मुक्काम ठोकायला नाही. आई लवकर गेली तेव्हा ह्याच ताईने माझं सगळं केलं होतं, शाळेचा डबा भरण्यापासून कान पिळण्यापर्यंत, आणि आता मला काही करू द्यायचं म्हटलं की तिच्या अंगावर काटा येतो.

तर नव्या गाडीच्या पहिल्या गुरुवारी दार उघडलं आणि ताई गच्चीवरून खाली डोकावावं तशी माझ्याकडे बघत उभी राहिली. मागून लोक घाई करत होते. मी बंधुप्रेमाने दोन्ही हात वर केले आणि म्हणालो, ये, मी धरतो. लहानपणी तिने मला असंच झाडावरून उतरवून घेतलं होतं. फरक इतकाच की तेव्हा मी चिमुरडा होतो आणि ताई आता चांगली भरलेली आहे. ती आली. मी धरली. आणि दोघंही जमिनीवर गेलो, आधी मी, माझ्यावर ताई, आणि ताईवर तिची पिशवी. तिला काहीही लागलं नाही, कारण ती पूर्णपणे माझ्यावर पडली होती. तिने उठून कपडे झटकले, मग मला झटकलं आणि शांतपणे म्हणाली, "छोट्या, हा फलाट वर येईल तेव्हाच मी इथे खाली येईन."

छोट्या म्हणजे मी. माझं टक्कल पूर्ण झालेलं आहे, पण ताईच्या लेखी मी छोट्याच आहे. तेव्हाच, पडल्या जागेवरून, मी महिन्याभराचा शब्द दिला. संध्याकाळी तिला परतीच्या गाडीत चढवताना मी, एक हमाल आणि एक अनोळखी सद्गृहस्थ यांनी मिळून जे काही केलं, त्याबद्दल न बोलणं हे तिच्या आणि माझ्या दोघांच्याही अब्रूच्या दृष्टीने बरं.

त्यानंतर ताई आली नाही. फोनवर बोलायची, आवाज ठणठणीत असायचा, पण जेवणाचं विचारलं की म्हणायची, एकटीसाठी कुठे एवढा स्वयंपाक मांडायचा. एकदा तर जिन्यात घसरले होते म्हणून सांगितलं, तेही घसरल्यानंतर आठवड्याने आणि भाजीच्या भावाविषयी बोलता बोलता. मला त्या रात्री झोप लागली नाही. गुरुवार आला की घर सुनं वाटायचं. वस्तू ठेवल्या जागी सापडायला लागल्या, याचाही मला त्रास व्हायला लागला.

मी स्टेशनमास्तरांना भेटलो. माणूस सज्जन, आवाज मऊ, आणि सज्जनपणामुळेच काहीही न करता येणारा. त्यांनी मला खुर्ची दिली आणि देशाची रेल्वे कशी चालते ते समजावून सांगितलं. रेल्वे सरकारची. तिला निधी देतं सरकार. तो निधी नीट खर्च होतो की नाही हे बघायला सरकारनेच नेमलेला एक देखरेख आयोग आहे, आणि आयोग नीट देखरेख करतो की नाही हे संसद बघते. संसदेकडे कोण बघतं, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, ते तुम्ही आम्ही. इथपर्यंत सगळं सोपं होतं. पण निधी येतो दोन खात्यांतून. एक चल मालमत्तेचं खातं, त्यातून गाड्या घेतात. दुसरं अचल मालमत्तेचं, त्यातून फलाट, पूल, छपरं वगैरे. चल खात्याला भरपूर निधी मिळाला, कारण नवी गाडी आली की मंत्र्यांना हिरवा झेंडा दाखवता येतो. फलाटाला हिरवा झेंडा दाखवून उपयोग नसतो, तो कुठे जात नाही. त्यामुळे अचल खातं उपाशी राहिलं.

मी म्हणालो, ठीक आहे, गाडी चल खात्याची आणि फलाट अचल खात्याचा. मग माझी बहीण ज्या मधल्या जागेतून खाली आली ती कोणाची? मास्तरांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "ती हवा आहे, साहेब. हवेसाठी तरतूद नाही."

तरी उंच करायच्या फलाटांच्या यादीत आमचं स्टेशन होतं, ही गोष्ट त्यांनी मला सांगितली. नंबर लागायचा होता इतकंच. इथे मी स्वस्थ बसलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती, असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. पण माझा पिंड स्वस्थ बसणाऱ्यांचा नाही, निवृत्त झाल्यापासून तर मुळीच नाही.

फलाट होईपर्यंत ताईसाठी एक दोन पायऱ्यांचं भक्कम लाकडी स्टूल करून घ्यावं, असं मी ठरवलं. ही कल्पना कोणाचीही नसून माझीच होती, हे मी आजही अभिमानाने सांगतो. सुताराकडे गेलो तर तिथे आमचे शेजारी हरकतवाले हजर. हे कोर्टात कारकून होते आणि तेव्हापासून कुठल्याही गोष्टीला हरकत घेतल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही. त्यांनी आधी स्टुलाच्या उंचीला हरकत घेतली, मग रुंदीला, मग लाकडाला, आणि शेवटी मी एकट्याने निर्णय घेण्यालाच. वरच्या मजल्यावरच्या व्यायामवाल्या बाईंचं मत होतं की स्टुलाने माणूस आळशी होतो. ताईंनी रोज सकाळी खुर्चीवर पाय ठेवून शंभरदा चढ-उतर करावी, महिन्याभरात त्या गाडीच्या टपावर चढतील. हा निरोप मी ताईला फोनवर दिला. तिने बाईंसाठी जो उलटा निरोप दिला तो मी पोचवला नाही.

स्टूल झकास झालं. खाली रबराच्या टोप्या, बाजूला धरायला दांडा. ते उचलून आम्ही नवरा-बायको स्टेशनावर गेलो, म्हटलं आधी तालीम करावी. गाडी आली, मी स्टूल लावलं, बायको राणीसारखी वर चढली आणि राणीसारखी वळली, आणि तेवढ्यात दार बंद होऊन गाडी सुटली. पुढच्या स्टेशनावरून ती परत येईपर्यंत मी स्टुलावर बसून होतो. तिथे मास्तर आले आणि अतिशय खेदाने म्हणाले की ही वस्तू फलाटावर ठेवता येणार नाही.

मी म्हणालो, ठेवून जायची नाहीच, दर गुरुवारी आणीन. तर ते म्हणाले, मग ती खाजगी वस्तू झाली, आणि खाजगी वस्तू गाडीला लावता येत नाही. मी म्हणालो, मग रेल्वेला भेट देतो. हे बोललो मात्र, मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत रेल्वेला कोणी काही दिलं नव्हतं. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. हरकतवाल्यांनी नंतर सांगितलं की मी त्या क्षणी गळ्यात धोंडा बांधून घेतला, पण हे त्यांनी नंतर सांगितलं. एरवी हरकती घेत फिरणारा माणूस नेमका त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे होता.

भेट स्वीकारायची तर तिची नोंद हवी. नोंद करायची तर स्टूल चल मालमत्ता की अचल, हे ठरायला हवं. ते उचलता येतं म्हणून चल, असं चल खातं मानायला तयार होतं, पण फलाटावर उभं असताना ते अचल असतं असं अचल खात्याचं म्हणणं पडलं. आता गंमत अशी की दोन्ही खात्यांना ते स्टूल हवं होतं. कारण ज्याच्या खात्यात नवी वस्तू, त्याच्या खात्यात कामगिरी. मुख्य कार्यालयात त्यावर बैठका झाल्या. स्टूलही मुख्य कार्यालयात गेलं, त्याच नव्या गाडीने, आणि मास्तर सांगत होते की त्याला चढवायला दोन माणसं लागली.

बऱ्याच दिवसांनी ते परत आलं. त्यावर पितळी पट्टी ठोकलेली होती आणि पट्टीवर कोरलं होतं: चाचणी पूर्ण होईपर्यंत वापरू नये. चाचणी कधी, तर चाचणी करणारं यंत्र अचल खात्याच्या निधीतून यायचं होतं. तोवर स्टूल मास्तरांच्या कोठीत कुलूपबंद. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मास्तर खाली मान घालून चहा ढवळत बसले आणि पुढचं बोलेनात. मी फार आग्रह केल्यावर त्यांनी सांगितलं की वरून आमच्या स्टेशनापुढे शेरा आला आहे: उंचीच्या तफावतीवर उपाय उपलब्ध. आणि ज्या स्टेशनात उपाय उपलब्ध आहे तिथे फलाटावर कशाला खर्च करायचा, म्हणून आमचं नाव यादीतून काढण्यात आलं आहे.

म्हणजे माझ्या स्टुलाने फलाट गिळला होता, आणि स्टूल कोठीत होतं. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बायको माझ्या ताटात वाढायची थांबली. मी म्हणालो, सगळं माझ्या आटोक्यात आहे. तशी परिस्थिती नव्हती हे खरं, पण सरकारी कामात धीर सोडला की माणूस संपला. समोरच्या खुर्चीतून मी कितीतरी माणसं अशी संपताना पाहिली आहेत.

आणि माझा विश्वास सार्थ ठरला. थोड्याच दिवसांत बातमी आली की देखरेख आयोग खुद्द आमच्या मार्गाच्या पाहणीला येतोय. संसदेत कोणीतरी विचारलं होतं की नव्या गाड्यांवर एवढा निधी ओतला, मग प्रवासी वाढायच्या ऐवजी घटले कसे? ह्या प्रश्नाचं उत्तर संपूर्ण देशात ज्याच्याजवळ होतं तो माणूस मी होतो. घटलेली प्रवासी माझी बहीण होती. मी मास्तरांना सांगून प्रवाशांचा प्रतिनिधी म्हणून कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव घालून घेतलं. त्या जागेसाठी दुसरं कोणी इच्छुक नव्हतं, ही माहिती बायकोने बाहेर काढली.

मी भाषण लिहिलं. सुरुवात रेल्वे आणि राष्ट्र अशी होती, शेवट बहिणीवर होता. शेजाऱ्यांसमोर तालीम केली तर हरकतवाल्यांनी सुरुवातीला हरकत घेतली आणि व्यायामवाल्या बाईंनी माझ्या उभं राहण्याच्या पद्धतीला. सगळ्यांच्या मते पुरावा हवा. म्हणून मी ताईला फोन करून म्हणालो, त्या दिवशी तू नेहमीच्या गाडीने ये आणि आयोगासमोर उतर. ती म्हणाली, पडून दाखवायला मी काय सर्कशीतली आहे? आणि आयोग कधी, किती वाजता, कुठल्या गाडीने, हे बारकाईने विचारून घेऊन तिने फोन ठेवला.

पाहणीच्या दिवशी स्टेशन ओळखू येत नव्हतं. सगळ्याला रंग दिला होता. मास्तरांच्या खांद्यालाही थोडा लागला होता. एक नंबरच्या फलाटावर आम्ही रांगेत उभे होतो: मास्तर, अभियंते, हातात भाषण घेतलेला मी, आणि जाळीपलीकडे आमची सगळी चाळ. गाडी आली. एकच डबा, निळा, पडदे लावलेला. तो थांबला, दार उघडलं आणि दारातून अलगद घडीच्या पायऱ्या खाली आल्या. दोन्ही बाजूंना कठडे होते आणि वर गालिचा होता. शेवटची पायरी फलाटाला टेकली तेव्हा मी भाषणाचा कागद पुन्हा एकदा उघडून बघितला.

आयोगाच्या अध्यक्षा उतरल्या. ताईच्याच वयाच्या, हातात काठी, चेहऱ्यावर मुख्याध्यापिकेचा करारीपणा. त्या कठड्याला धरून तोऱ्यात खाली आल्या, फलाटाकडे बघितलं, पायऱ्यांकडे बघितलं आणि चिटणिसांना म्हणाल्या, उतरायला काही अडचण दिसत नाही. चिटणिसांनी ते लिहिलं. अभियंत्यांनी मान डोलावली. मी भाषण सुरू केलं. रेल्वे आणि राष्ट्र संपवून मी फलाटाच्या उंचीवर येतोय तोच त्यांनी हात वर केला.

"पण आम्ही तर सहज उतरलो."

त्यावर काय बोलायचं हे भाषणात लिहिलेलं नव्हतं. मी कागद उलटा केला, मागेही काही नव्हतं. आणि तेवढ्यात त्याच निळ्या डब्याच्या दारातून ओळखीची पिशवी बाहेर आली, आणि पिशवीमागून ताई.

नंतर कळलं ते असं. आयोगाचा डबा तिच्या स्टेशनावरही थांबला होता. ताई तिथे उभीच होती. पहारेकऱ्याने अडवलं तेव्हा तिने सांगितलं, प्रवाशांच्या प्रतिनिधीची मी बहीण, मला बोलावलंय. पत्रिकेत प्रतिनिधी होता, तेव्हा त्याची बहीणही असणार असं समजून त्यांनी तिला आत घेतलं. चार स्टेशनं येईपर्यंत तिने आयोगातल्या एका सदस्याला खोकल्यावर घरगुती औषध सांगितलं होतं आणि डब्यातल्या खुर्च्यांच्या जागा बदलून घेतल्या होत्या.

ती पायऱ्या उतरून आली, माझ्या सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि देशाच्या आयोगासमोर म्हणाली, छोट्या, घामाघूम का झालायस. मग अध्यक्षांकडे वळली. म्हणाली, गाडी छान आहे तुमची. रोज येते का? अध्यक्षा म्हणाल्या, नाही, ही फक्त आयोगाची. ताई म्हणाली, "मग तुम्ही आतापर्यंत तुमचीच गाडी बघितलीत. आमची मागून येतेय. तिच्यात चढून दाखवा, मी गप्प बसते."

मला वाटलं, आता प्रतिनिधित्व तर गेलंच, निवृत्तिवेतनालाही हात लागतो की काय. पण अध्यक्षाही साध्या बाई नव्हत्या. त्यांनी ताईकडे नखशिखान्त बघितलं, आणि ताईने त्यांच्याकडे. मग त्यांनी निळा डबा पुढे घ्यायला सांगितला.

नेहमीची गाडी आली, दार उघडलं. अध्यक्षांनी काठी चिटणिसांकडे दिली आणि उजवा पाय उचलला. तो पोचला नाही. डावा उचलला, तोही पोचला नाही. दांड्याला धरून त्यांनी जोर केला आणि अर्ध्यावर जाऊन परत आल्या. आतले प्रवासी हात द्यायला पुढे झाले, पण आयोगाच्या अध्यक्षांना नेमकं कुठे धरायचं हा प्रश्न त्यांना पडला. चिटणिसांनी घाईघाईने कागद चाळले आणि म्हणाले, मॅडम, इथे उपाय उपलब्ध आहे. मग आणा की, त्या धापा टाकत म्हणाल्या. मास्तर किल्ली घेऊन कोठीकडे धावले. माझं स्टूल आलं. इतक्या दिवसांनी त्याला बघून मला भरून आलं. अध्यक्षांनी पाय ठेवायला खाली बघितलं आणि पितळी पट्टी वाचली. एकदा वाचली, पुन्हा वाचली. जिने जन्मभर इतरांना नियम पाळायला लावले ती बाई सगळ्यांदेखत तो नियम कसा मोडणार? पाय तसाच हवेत राहिला, दार बंद झालं आणि गाडी निघून गेली.

अध्यक्षा बाकावर जाऊन बसल्या. ताई त्यांच्याशेजारी बसली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. गुडघे का, असं ताईने विचारलं. त्या म्हणाल्या, दोन्ही. मग अध्यक्षांनी काठीचं टोक फलाटावर दोनदा आपटलं आणि चिटणिसांना म्हणाल्या, "लिहा. हा फलाट उंच करायचा. ताबडतोब."

चिटणिसांनी लिहून घेतलं. मी रडलो नाही, पण बायको म्हणते रडलो. संध्याकाळी परतताना आयोगाने ताईला आपल्याच डब्यातून घरी सोडलं. आम्ही पूल ओलांडून दोन नंबरवर निरोप द्यायला गेलो, घडीच्या पायऱ्या खाली आल्या, ताई वर चढली आणि अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीतून आम्हाला हात हलवत गेली. त्या वेळी कोणाच्याही डोक्यात काही आलं नाही, हे मला मुद्दाम सांगायला हवं.

काम झालं, आणि सरकारी कामाच्या मानाने वाऱ्यासारखं झालं. किरकोळ अडचणी आल्या. फलाट वर आला पण तिकिटाची खिडकी होती तिथेच राहिली, त्यामुळे आता तिकीट काढायला उकिडवं बसावं लागतं आणि आतल्या बाबूंना दिवसभर फक्त गुडघे दिसतात. बाकांचे पाय काँक्रीटमध्ये गेल्याने बाकावर मांडी घालूनच बसता येतं. व्यायामवाल्या बाईंना हा बदल फार आवडला. आणि स्टुलाची गरज उरली नाही म्हणून रेल्वेने ते मला साभार परत केलं, पट्टी काढून.

नव्या फलाटाच्या पहिल्या गुरुवारी मी वेळेच्या आधीच जाऊन उभा होतो. गाडी आली, दार उघडलं. मी सवयीने दोन्ही हात पुढे केले. ताई एका खोलीतून दुसऱ्या खोलीत यावं तशी सरळ चालत बाहेर आली आणि म्हणाली, बाजूला हो, लोकांना उतरू दे. खरं सांगायचं तर मला जरा वाईट वाटलं. पण पुढे रस्त्यावर तिने आपण होऊन माझा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.

तो दिवस मजेत गेला. दुपारपर्यंत घरात काहीच जागेवर सापडत नव्हतं. संध्याकाळी आम्ही तिघं पूल ओलांडून दोन नंबरवर उतरलो, आणि उतरताना माझ्या लक्षात आलं की आपण फार खाली उतरतोय. चिटणीस काटेकोर माणूस. 'हा फलाट' असं त्यांनी लिहून घेतलं होतं, आणि हा फलाट म्हणजे त्या वेळी अध्यक्षा ज्यावर बसल्या होत्या तो फलाट. एक नंबर. दोन नंबर आजोबांच्या काळी होता तिथेच होता. गाडी आली, दार उघडलं आणि आम्ही तिघांनी वर बघितलं. बायकोने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. स्टूल घरी आहे हेच ती बोलणार होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं आणि तिने तोंड मिटलं. गाडी गेली.

आजची रात्र राहा, उद्या बघू, असं मी म्हणालो. ताई म्हणाली, फक्त आजची.

दुसऱ्या दिवशी बायकोने स्टूल माळ्यावर टाकलं. माळ्यावर चढायला स्टूल लागतं, म्हणून ती हरकतवाल्यांकडून त्यांचं घेऊन आली आणि त्यांनी हरकत न घेता ते दिलं. व्यायामवाल्या बाईंनी खालून धरलं. ताई तेव्हा स्वयंपाकघरात डब्यांच्या जागा बदलत होती. माळ्यावर काय आहे हे तिला बघता येत नाही, तिचे गुडघे तिथवर जात नाहीत.

त्या आठवड्यात मी तिच्या घरून तिचे कपडे आणले. मग चष्म्याची दुसरी जोडी, मग शिवणयंत्र, मग एकेक करून कुंड्या. शिवणयंत्र गाडीने आणताना एक नंबरवर कसं सरळ ढकलत बाहेर काढता आलं, उंच फलाटाचे हे फायदे मी मास्तरांना समजावून सांगितले. ताई अजूनही पाहुणीच आहे. आल्यागेल्याला ती तसंच सांगते, पलीकडचा फलाट झाला की मी जाणार. तिची स्वतःची खोली आहे, तिच्या खिडकीत तिच्या कुंड्या आहेत, जेवायला आम्ही तिघं एकत्र बसतो आणि तिची तब्येत पुन्हा मला चिरडण्याइतकी झाली आहे. माझा चष्मा कुठे आहे हे मला रोज विचारावं लागतं. मी सुखात आहे.

मास्तर एकदा म्हणाले, साहेब, दोन नंबरसाठी एक अर्ज टाका, आता तुमचा शब्द चालतो. मी म्हणालो, विचार करतो. सरकारी काम कसं करून घ्यायचं हे ज्याला माहीत असतं, त्याला ते कसं होऊ द्यायचं नाही हेही माहीत असतं. तेच तर मी नोकरीभर करत आलो.

परवा जेवताना ताईने विचारलं, "छोट्या, त्या दोन नंबरचं कुठवर आलं?"

बायकोने आमटीच्या वाटीत बघायला सुरुवात केली. मी पाणी प्यालो. म्हणालो, सरकारी काम आहे ताई, अचल खातं आहे, वेळ लागतो.

ताईने माझ्या ताटात वाढलं, न विचारता, भरपूर. म्हणाली, "लागू दे. फार मागे लागू नकोस हो त्यांच्या. आणि ते माळ्यावरचं स्टूल जरा फडक्यात गुंडाळून ठेव, वाळवी लागेल."